मदत हवी आहे: भावाचा स्वभावच तसा, की नशेने तसा झाला?

बांधावरचा

नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. मी वर्धा जिल्ह्यात शेती करतो. सहा एकर, कपाशी आणि तूर. आमचा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा. दारू मिळायची ती मिळतेच, पण धाकट्या भावाचं प्रकरण दारूचं नाही. गांजा, आणि गेलं दीड वर्ष झोपेच्या गोळ्या. पोरं त्यांना 'बटन' म्हणतात.

भाऊ २४ वर्षांचा. मागच्या महिन्यात सकाळी वावरात गेलो तर मोटरच्या स्टार्टरची पेटी बारदानात गुंडाळलेली, वरून सुतळीचे सात-आठ वेढे. मोबाइलवरून मोटर चालू करायचं यंत्र बसवलंय, त्यात सिमकार्ड असतं. म्हणे त्यातून धुऱ्यापलीकडचा माणूस आपलं बोलणं ऐकतो. मी बारदान सोडायला लागलो तर अंगावर धावून आला. आई मधे पडली. "मले काई नाई झालं, तुमालेच समजत नाई," एवढंच बोलला आणि दोन दिवस जेवला नाही.

फवारणीचा पंप विकून झालाय. मागच्या वर्षी एका केंद्रात तीन महिने ठेवला होता. नाव लिहीत नाही. महिन्याला बारा हजार घेतले. डॉक्टर मला एकदाही दिसला नाही, आणि सुरुवातीचे काही दिवस पायाला साखळी होती हे भावाने घरी आल्यावर सांगितलं.

गावात सगळे म्हणतात, त्याचा स्वभावच तसा. खोटं नाही. लहानपणापासून उतावळा. पोळ्याला मारक्या गोऱ्ह्याच्या जवळ कोणी जायचं नाही, तो हा धरायचा. विहिरीच्या काठावरून सूर मारायचा. तेव्हा आम्हीच पाठ थोपटली. मग हा स्वभावातलाच दोष आहे का? की गांजाने डोकं बिघडलं? की तिसराच काही आजार आहे? स्वभावच असेल तर डॉक्टर तरी काय करणार, असं काका म्हणतात, आणि माझ्याकडे उत्तर नाही.

बोंडअळी

भाऊ, लग्न करून द्या. जबाबदारी पडली की माणूस ताळ्यावर येतो. माझ्या आतेभावाचं तसंच झालं.

बांधावरचा

बारदानातला स्टार्टर दाखवून कोणाच्या पोरीचा हात मागू?

रिमझिम

मी व्यसनमुक्तीत समुपदेशनाचं काम करते. तुमच्या काकांचा प्रश्न आम्हाला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं.

'व्यसनी स्वभाव' असा एक ठरलेला साचा नसतो. उतावळेपणा, थराराची ओढ, चटकन काळजीत किंवा उदासीत जाणारं मन, या गोष्टी व्यसनात अडकलेल्यांमध्ये जास्त दिसतात हे खरं. पण असा स्वभाव असलेली बहुतेक माणसं व्यसनात पडत नाहीत. त्यातलीच काही फौजेत जातात, काही साप पकडतात. शिवाय खोटं बोलणं, घरची वस्तू विकणं, अंगावर येणं हे नशेच्या धडपडीतूनही येतं. त्यामुळे नशा चालू असताना कोणी 'व्यक्तिमत्त्व विकार' असा शिक्का मारला तर लगेच मान्य करू नका. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार म्हणायचा तर वागण्यातला बिघाड १५ वर्षांच्या आतच दिसायला लागतो. पंप त्याने आत्ता विकला. सातवी-आठवीत काय करायचा, ते घरच्यांना विचारा.

स्टार्टरचं मात्र कुठल्याही स्वभावात बसत नाही. कोणीतरी ऐकतंय अशी न हलणारी खात्री हे सायकोसिसचं, म्हणजे खऱ्या-खोट्याचं भान सुटण्याचं लक्षण. गांजाने ते होऊ शकतं. कोवळ्या वयात सुरुवात, रोजचं ओढणं आणि घरात कोणाला असा आजार असणं, यांनी धोका वाढतो. नशा थांबल्यावर साधारण महिनाभरात भीती गेली तर ती नशेमुळे असण्याची शक्यता जास्त. टिकली तर स्किझोफ्रेनियासारखा वेगळा आजार तपासावा लागतो. गेली म्हणून निर्धास्त राहायचं नाही, काहींना पुढे तो आजार होतोच. म्हणून विचारते, केंद्रातल्या त्या तीन महिन्यांत ही भीती होती का?

आणि सगळ्यात तातडीचं: त्या गोळ्या हिसकावून फेकू नका. झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याच्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. रिकामं पाकीट असेल तर जपून ठेवा.

जुना चिलीमबाज

यवतमाळकडचा आहे. माझी सात वर्षं यात गेली. बारदान काढू नका भाऊ. खोटं आहे हे पटवायला जाल तर त्याच्या यादीत तुमचंही नाव चढेल. "तुले भेव वाटून राहिलं, हे समजते मले," एवढंच म्हणा. ऐकतात लोक हेही कबूल करू नका.

स्वभावाचं म्हणाल तर मी आजही उतावळाच आहे. मळणीयंत्रावर माझ्याशी भांडण झालं नाही असा माणूस गावात कमी. चिलीम सुटली. तंबाखूचा खर्रा सुटला नाही, खोटं कशाला बोलू.

बांधावरचा

रिमझिमताई, तुमचा प्रश्न घेऊन काल रात्री आईजवळ बसलो.

केंद्रात टाकायच्या आधी त्याला वाटायचं की किराणा दुकानासमोर बसलेले लोक त्याच्यावरच बोलतात. चौथ्या आठवड्यात मी भेटायला गेलो तर स्वतःच हसत म्हणाला, "भाऊ, म्या खरंच असं म्हणत होतो?" घरी आला, रात्री पीक राखायला जागलीवर जायला लागला, आणि दोन महिन्यांत पुन्हा सुरू.

दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. सातवी-आठवीत ना भांडण, ना चोरी. पण रात्री दिवा मालवू द्यायचा नाही. अंधारात गोठ्याकडे एकटा जायचा नाही. तो १६ वर्षांचा असताना बाबांना लकवा मारला. मी तेव्हा पुण्यात कंपनीत होतो. जागल त्याच्यावर आली. रानडुकरं हाकलायला रात्रभर मचाणावर एकटा. शेजारच्या वावरातल्या पोरांनी चिलीम दिली. आईला तेव्हा तो म्हणाला होता, "ओढली का भेव नाई लागत." आईने ते आठ वर्षं पोटात ठेवलं. गोऱ्हा धरणारा पोरगा अंधाराला भीत होता. मी त्याचा सख्खा भाऊ.

रिमझिम

हे असंच्या असं डॉक्टरांना सांगा. 'गांजा ओढतो' यापेक्षा 'भीती आधी होती, गांजा नंतर आला' हे त्यांना फार उपयोगाचं आहे. आधी व्यसन सोडव, मग मनाचं बघू, असं करून चालत नाही. नशा सुटली आणि भीती तशीच राहिली तर तो पुन्हा चिलमीकडेच जाईल. दोन्हीचा इलाज सोबत करायचा.

सेवाग्राम, सावंगी आणि नागपूरच्या मेडिकल कॉलेजांच्या दवाखान्यांत मानसोपचार विभाग आहेत, तुम्हाला जवळ पडेल तिथे जा. जाण्याआधी फोनवर बोलायचं तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, व्यसनासाठी १४४४६. स्वतःला किंवा दुसऱ्याला मारण्याची भाषा केली किंवा कोयता-विळा हातात घेऊन फिरू लागला तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी न्या. पोलिसांची धास्ती असेल तर, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला जाणाऱ्याला सेवनाच्या आणि थोड्या मालाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४ अ. आणि साखळीचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कोणालाही साखळदंडात ठेवायला मनाई आहे.

बोंडअळी

लग्नाचं मागे घेतो.

बांधावरचा

सोमवारी जातोय. 'डोकं दाखवायला चल' असं म्हणालो नाही. 'तुझ्या झोपेचं बघू' म्हटलं. थोडा वेळ गप्प बसला, मग गोळ्यांचं पाकीट त्यानेच आणून माझ्या हातात दिलं. तीन शिल्लक होत्या, त्या त्याच्याकडेच ठेवल्या. जागल सध्या मी करतो. बारदान आहे तसं आहे.

एकच अडचण. केंद्रवाले जुने कागद देत नाहीत, "साहेब नाहीत" म्हणतात. त्याशिवाय चालेल का?

रिमझिम

चालेल. आपले वैद्यकीय कागद मागायचा त्याला हक्क आहे, त्याच मानसिक आरोग्य कायद्यात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पण त्यासाठी सोमवार चुकवू नका. आईंना सोबत न्या, दिव्याचं त्यांनाच नीट सांगता येईल.