टाइल्सखाली इन्सुलेशन घातलंत का? अनुभव लिहा

थंडटाचा (लीड्स)
मंडळी, आमचं घर १९६०च्या दशकातलं. किचन उखडलंय, खाली निव्वळ काँक्रीट. जानेवारीत त्यावर उभं राहून चहा टाकायचा म्हणजे टाचा बधिर. टाइल्सवाला म्हणतो, "इन्सुलेशन कशाला? स्लिपर घाला." नवऱ्याचंही तेच. पण एकदा टाइल्स बसल्या की वीस वर्षं कोण हात लावतंय? घातलेल्यांनी आणि न घातलेल्यांनी, दोघांनीही लिहा. फरशीची उंची किती वाढली तेही सांगा.

चकली (रेडिंग)
नाही घातलं, पस्तावलो. बाथरूममध्ये विजेची हीटिंग मॅट थेट काँक्रीटवर टाकली, वर टाइल्स. सकाळी सहाला चालू केली की फरशी कोमट व्हायला आठ वाजायचे. तोवर मी ट्रेनमध्ये! सगळी ऊब आधी खालचं काँक्रीट पीत होतं. पुढे खालच्या टॉयलेटला शहाणपण सुचलं: मॅटखाली १० मिमीचे, सिमेंटचा लेप दिलेले फोमचे बोर्ड. अर्ध्या तासात ऊब पायाला लागते. मात्र दाराचा विचार कोणी केलाच नव्हता. पहिल्याच दिवशी ते नव्या टाइलला घासलं आणि चंद्रकोरीसारखा ओरखडा उठला. अजून आहे, पायपुसणं टाकून झाकलाय.
आणि हो, हीटिंग नसेल तर नुसत्या १० मिमी बोर्डाकडून फार आशा ठेवू नका. टाइल पायातली ऊब ओढतेच.

बोरकूट (ब्रिस्टल)
आमचं जुनं व्हिक्टोरियन घर. लाकडी फळ्या, खाली पोकळी. फळ्या काढून तुळयांच्या मधे जाळीवर मिनरल वूल भरली, वर जाड प्लाय, मग टाइल्स. बाहेरच्या भिंतीतल्या, पोकळीत हवा खेळती ठेवणाऱ्या जाळीदार विटा बुजवू नका. आधीच्या मालकाने वारा येतो म्हणून बुजवल्या होत्या. दोन तुळया कुजलेल्या निघाल्या.

जर्मनकाका (म्युनिक)
इथे नव्या बांधकामात इन्सुलेशन स्क्रीडच्या (टाइल्सखालच्या सपाट थराच्या) खाली असतंच, वाद नाही. आमची चूक घाईची. फ्लोअर हीटिंगचा सिमेंट स्क्रीड ओला असतानाच टाइल्स लावायला निघालो होतो. तपासणाऱ्याने टोकरून चुरा काढला, लोखंडी गोळ्यांसकट बाटलीत घालून हलवला आणि काटा बघितला: ओल २.४ टक्के. म्हणाला, १.८ पर्यंत येऊ द्या. तीन आठवडे सासूबाईंसकट एका खोलीत काढले.

संत्री (नागपूर)
अहो, आमच्याकडे तळमजल्याला हे मुळीच नको! मे महिन्यात शहाबादीवर उताणं पडायचं सुख का घालवायचं? आम्हाला इन्सुलेशन लागतं ते डोक्यावर. गच्चीवर वॉटरप्रूफिंगवर ५० मिमीचे फोमबोर्ड, त्यावर उतार देऊन कोबा, मग पांढऱ्या टाइल्स. रात्री अकरालाही पंखा गरम वारा फेकायचा, ते थांबलं. फक्त बोर्ड टाकण्याआधी ४८ तास पाणी साठवून ठेवा. मिस्त्री "काही होत नाही ताई" म्हणत होता. दुसऱ्या दिवशी बेडरूमच्या कोपऱ्यात ओल उतरली.

थंडटाचा
आभार! मागच्या दाराखाली पट्टी लावून मोजलं, जेमतेम २४ मिमी. १० मिमीचा मोह सोडला. ६ मिमीचा बोर्ड, मॅट आणि टाइल कसंबसं बसतंय. शिवाय नवरा म्हणतोय, लागलंच तर दार मी तासतो. चकली, तुमचं पायपुसणं किती मोठं आहे?