गिदोनही घाबरलेलाच होता
इथे एका ताईंनी लिहिलंय की देवाचं पाचारण, म्हणजे त्याच्या कामासाठी आलेलं बोलावणं, खरं असेल तर भीती वाटतच नाही. मला नाही पटत. बायबलमधला इस्राएलचा गिदोन बघा ना, शत्रू मिद्यान्यांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता आणि देवदूत त्याला चक्क वीर म्हणतो! (मला दरवेळी हसू येतं.) देव खरंच सोबत आहे का म्हणून त्याने लोकरीवर दव पाडून दाखव अशी खूण मागितली, मग उलटी करून पुन्हा, तरी देव रागावला नाही. वर लढाईसाठी जमलेल्या ३२,००० माणसांतली देवाने फक्त ३०० ठेवली.

आमच्या नवापूरकडे एका तरुण पोराच्या मातीला चर्चच्या पाळकांची एसटी चुकली, लोकांनी मलाच उभं केलं. मावचीत, आमच्याकडच्या आदिवासी बोलीत, बोलायचं होतं. पाय लटपटत होते, पवित्र शास्त्राचं पान घामाने बोटाला चिकटलं. स्तोत्र २३ वाचलं, कशीबशी चार वाक्यं बोललो. नंतर त्याच्या आईने हात धरला तो सोडेचना.