मदत हवी आहे: रॉक गार्डनमध्ये केरेक्स तगेल का?

नमस्कार मंडळी. कोथरूडला घराच्या पूर्वेला काळे दगड रचून छोटं रॉक गार्डन केलंय. फटींमध्ये 'केरेक्स ओशिमेन्सिस एव्हरगोल्ड' हे लव्हाळ्याच्या कुळातलं, गवतासारखं दिसणारं शोभेचं झाड लावायचं फार मनात आहे. ती पिवळ्या पट्ट्यांची पाती काळ्या दगडावर काय खुलतील! पण हे मूळचं जपानचं, थंडी सोसणारं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या आसपास जातो, दगड संध्याकाळपर्यंत गरमच. दुपारनंतर तिथे सावली असते, तेवढी पुरेल का? त्याला ओलावा हवा, पण पावसाळ्यात मुळं कुजू नयेत म्हणून मातीत खडी किती मिसळावी? पुण्यात कुणी उन्हाळाभर हे टिकवलंय का? नागरमोथा कृपया सुचवू नका, एकदा शिरला की निघत नाही. लव्हाळ्याच्या कुळातलं बारमाही हिरवं राहणारं दुसरं काही असेल तर मात्र जरूर सांगा.