ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणारे सगळे एकाच वंशाचे का?

नावाडी:
मादागास्करची मालागासी, फिलिपिन्सची तागालोग आणि न्यूझीलंडची माओरी एकाच भाषाकुळातल्या. 'पाच'ला अनुक्रमे दिमी, लिमा, रिमा म्हणतात. माणसं मात्र दिसायला फार वेगळी. मग भाषेवरून वंश सांगता येतो का? आणि कुळाचा उगम तैवानात धरतात तो कशावरून?

सागरवाट:
आधी तैवान. उगम शोधताना कुळाच्या मुख्य शाखा कुठे एकवटल्यात ते बघतात; जिथे शाखा जास्त, तिथे भाषा सगळ्यात जास्त काळ फुटत आल्या असं धरतात. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांच्या मांडणीत अशा १० शाखा आहेत. त्यातल्या ९ फक्त तैवानात. मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंतच्या बाकी हजाराहून जास्त भाषा एकट्या मलायो-पॉलिनेशियन शाखेत बसतात.

नुसते जुळणारे शब्द मोजले तर फसगत होते. भाषाशास्त्रज्ञ आयसिडोर डायन यांनी १९६५ मध्ये तसं मोजलं, तेव्हा सगळ्यात जास्त विविधता मेलानेशियाकडे (न्यू गिनी आणि त्याच्या पूर्वेची बेटं) दिसली. तिथल्या भाषांनी जुने शब्द फार वेगानं टाकले होते. पापुअन भाषांचा (न्यू गिनीच्या परिसरातल्या, ऑस्ट्रोनेशियन नसलेल्या भाषांचा) शेजार हे त्याचं एक मोठं कारण मानतात.

त्यामुळे शब्द जुळला की तो उसना नाही ना हे आधी तपासायचं, मग ध्वनिबदल नियमानं झालाय का ते. मालागासीत 'इ'च्या आधीचा 'ल' 'द' होतो: लिमाचं दिमी, मलय कुलितचं (कातडी) हुदित्र. 'तेलू'मध्ये (तीन) पुढे 'इ' नाही, तिथे 'ल' तसाच राहिला. नातं सिद्ध होतं ते अशा जोड्यांनी.

पुळण:
वंशाबद्दल पॅसिफिकमधल्या व्हानुआतू या द्वीपदेशाइतकं बोलकं उदाहरण नाही. तिथल्या एफाते बेटावरच्या तेओउमा दफनभूमीतल्या, सुमारे ३००० वर्षं जुन्या सांगाड्यांचा डीएनए २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पापुअन अंश जवळजवळ नव्हताच. सगळ्यात जवळचे निघाले तैवानचे आदिवासी आणि फिलिपिन्सचे कांकानाए लोक. पुढच्या काही शतकांत न्यू गिनीजवळच्या बिस्मार्क द्वीपसमूहाकडून लोक येत राहिले, आणि आज तिथला वंश बहुतांश पापुअन आहे. भाषा मात्र शंभराहून जास्त, आणि मूळच्या त्या सगळ्या ऑस्ट्रोनेशियन!

उलटंही घडलंय. इंडोनेशियातल्या हालमाहेरा बेटाच्या उत्तरेकडचे लोक पापुअन भाषा बोलतात, पण त्यांच्यात आशियाई अंश बराच आहे.

चाचणी कुठली, हेही विचारा. पॉलिनेशियात आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए बहुतेक आशियाई वळणाचा, तर बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रांत मेलानेशियन वाटा मोठा. लग्नानंतर नवऱ्यानं बायकोच्या गावी राहायची पद्धत असावी, असं त्यावरून सुचवलं गेलंय. एकाच रेषेवर निष्कर्ष काढला तर दोन चाचण्या दोन टोकांची उत्तरं देतील; संपूर्ण जनुकसंच बघायलाच हवा.

नावाडी:
आणि मादागास्कर?

सागरवाट:
तिथे भाषा, वंश आणि संस्कृती हे तिन्ही धागे सुटे दिसतात. मालागासीची सख्खी भाषा बोर्निओतल्या बारितो खोऱ्यातली मान्यान, हे भाषाशास्त्रज्ञ ओट्टो दाल यांनी १९५१ मध्ये दाखवलं. वंश ढोबळमानानं अर्धा आफ्रिकी, अर्धा आग्नेय आशियाई. मधल्या पठारावर आशियाई वाटा जास्त, किनाऱ्यावर आफ्रिकी. भातशेती, उलांडीची होडी आणि वालिहा हे बांबूचं तंतुवाद्य पूर्वेकडून आलं. गुरं आणि त्यांचं 'ओम्बी' हे नाव आफ्रिकेतून.

तुलनेला मान्यान लोकांचेच नमुने घेतले तर मात्र चुकाल. २०१६ च्या अभ्यासात मालागासींच्या आशियाई अंशाला सर्वांत जवळचे निघाले ते त्याच भागातले बांजार, आणि बांजार लोक मलय बोलतात.