संक्रांतीचा कार्यक्रम, १८ जानेवारी: खाणं आणि वेगळं टेबल

प्रेषक: खानपान समिती
सोमवार, ५ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा! रविवारी १८ तारखेला मराठी शाळेत संक्रांत. मुलांना तिळगूळ, गुळपोळी, मसालेभात आणि मठ्ठा. हळदीकुंकू दुपारी दोननंतर कॅफेटेरियात. साधारण ६० मुलं धरली आहेत. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी घरून डबा आणावा, त्यांच्यासाठी खिडकीपाशी वेगळं टेबल ठेवू. शनिवारी संध्याकाळी लाडू वळायला माणसं हवी आहेत, कोण येतंय ते कळवा.

---

प्रेषक: तिसरीच्या वर्गातली एक आई
सोमवार, ५ जानेवारी, रात्री

नमस्कार,

त्या वेगळ्या टेबलाबद्दल लिहिते आहे. गेल्या वर्षीही ते होतं आणि त्यावर एकटी माझी मुलगी होती. तिला तिळाची तीव्र ॲलर्जी आहे. डबा छान होता, टेबलावर कुणीतरी पतंगही चिकटवला होता. घरी येताना गाडीत म्हणाली, "सगळे एकमेकांना गोड बोला म्हणत होते. मला कुणी म्हणालंच नाही, कारण मला द्यायला काही नव्हतं." नऊ वर्षांच्या मुलीचं निरीक्षण आहे, आणि बरोबर आहे. आपल्याकडे हातावर काही ठेवल्याशिवाय ते वाक्य तोंडातून निघतच नाही.

आता थोडं तिळाबद्दल, कारण "एवढा लाडू नको खाऊस, झालं" असं मला दर वर्षी ऐकवलं जातं. लाडू टाळणं सोपं आहे, तो दिसतो. मसालेभातातला गोडा मसाला दिसत नाही, आणि त्यात तीळ असतात. अळुवडीवर तीळ, कोथिंबीर वडीत तीळ, चकलीत तीळ, भोगीच्या भाकरीवर तर असतातच. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, कायद्याने १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तीळ लिहिणं बंधनकारक आहे, शेंगदाणा-दूध-गव्हाच्या यादीत तो नववा. (त्यावर काही बेकऱ्यांनी शोधलेला उपाय असा की यंत्रं धूत बसण्यापेक्षा पावात मुद्दाम तीळ घालायचे आणि तसं पाकिटावर छापून मोकळं व्हायचं. दुकानात हसावं की रडावं कळत नाही.) पण मावशीने पुण्याहून झिपलॉकच्या पिशवीत दिलेल्या मसाल्यावर कुठलं आलंय लेबल!

सोमवार ते शुक्रवारच्या शाळेत तिचा ५०४ प्लॅन आहे, म्हणजे तिच्यासाठी शाळेने काय सोय करायची ते लिहून ठेवलेलं. तो अपंगांच्या हक्कांच्या १९७३च्या कायद्यातून आलाय. नर्सकडे औषध असतं, शिक्षकांना ते द्यायचं कसं हे शिकवलेलं असतं, वर्गात कुणाचा वाढदिवस असला की मला आधी ईमेल येते. आपली शाळा स्वयंसेवकांची आहे, मला तेवढी अपेक्षा नाही. डबा मी आणेनच. पण कुणाला वेगळं बसवायचंच असेल तर पदार्थाला बसवा, मुलीला नको. लाडू आणि गुळपोळी दोननंतर, हळदीकुंकवाला, कॅफेटेरियात. मुलांच्या वर्गात त्या दिवशी तीळ नको, इतकंच.

---

प्रेषक: नातवाला सोडायला येणारे आजोबा
मंगळवार, ६ जानेवारी

ताई, तुमची काळजी समजते. पण तिळाशिवाय संक्रांत म्हणजे काय राहिलं? इथे जन्मलेल्या पोरांना सण कळावा म्हणून तर ही शाळा. एकासाठी ५९ मुलांनी का सोडायचं? उद्या कुणी गुळालाही नको म्हणेल. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. राग नसावा.

---

प्रेषक: एक पालक (पेशाने बालरोगतज्ज्ञ)
मंगळवार, ६ जानेवारी

काका, तुमच्या वेळीही असेल. तेव्हा "बाधलं" म्हणायचे.

बाकी कामाचं. सॅनिटायझरने तीळ-शेंगदाण्याचा अंश जात नाही, हात साबणाने धुवायचे. ओठ सुजले, धाप लागली, अंगभर पित्त उठून उलटी झाली, तर एपिपेन (ॲड्रेनलिनचं तयार इंजेक्शन) मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून चालतं. मग ९११. आधी ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, सगळ्यात मोठी चूक तीच होते. मुलीला आडवं ठेवा (श्वासाला जड जात असेल तर बसू द्या) आणि चालवू नका. ११ तारखेला शाळा सुटल्यावर वीस मिनिटं दाखवतो. सरावाचं बिनसुईचं पेन आणतो. ताई, त्या दिवशी तिची दोन्ही पेनं वर्गात हवीत, गाडीत नकोत.

---

प्रेषक: पहिलीच्या वर्गातले एक बाबा
मंगळवार, ६ जानेवारी, रात्री

धागा थोडा वळवतो, माफ करा. टेबल वाचलं आणि गणपती आठवला. माझा मुलगा स्वमग्न आहे. ढोल सुरू झाला की कानावर हात ठेवून खाली बसतो. तेव्हा कुणीतरी प्रेमाने त्याला कॉरिडॉरमध्ये नेलं, आणि तो तासभर तिथेच होता. लेझमाचे सगळे हात त्याला येतात. घरी मोजे घालून करतो.

लेझीम थांबवा असं मी मुळीच म्हणत नाही, आमच्या बाबतीत त्याची गरजच नाही. कशानंतर काय आहे ते आदल्या दिवशी कळवा, मी त्याला चित्रं काढून दाखवेन. हेडफोन घालू दे. आणि ढोलापासून लांबच्या रांगेत उभा करा, पण रांगेत. रोजच्या शाळेत त्याच्या आयईपीमध्ये (त्याच्यापुरत्या शिक्षणाच्या लेखी आराखड्यात) हे तीन ओळींत लिहिलेलं आहे, खर्च शून्य.

---

प्रेषक: शाळा समन्वयक
बुधवार, ७ जानेवारी

सर्वांना नमस्कार.

लाज वाटावी अशी गोष्ट आधी सांगते. आपल्या नोंदणी अर्जात टी-शर्टचा साइझ विचारलाय आणि याबद्दल एक ओळ नाही. आज जोडली. ज्यांना सांगायचंय त्यांनी या यादीवर नव्हे, फक्त मला लिहा. ही ईमेल सगळ्या मंडळाला जाते, आणि मुलाची गोष्ट सांगायची की नाही हे त्या घराने ठरवायचं.

१८ तारखेला मुलांच्या वर्गात तीळ नाही. मसालेभाताऐवजी साधी मुगाची खिचडी, मसाला न घालता, नवीन पाकिटातल्या डाळ-तांदळाची. वेगळं टेबल रद्द. लाडू, गुळपोळी दोननंतर. निघताना हात आणि बाकं साबणाच्या पाण्याने. लेझमाचा क्रम शनिवारी सकाळी सगळ्याच पालकांना पाठवते, एकट्यालाच कशाला.

मुलांनी एकमेकांच्या हातावर काय ठेवायचं ते मात्र मला सुचलेलं नाही. दुकानातल्या गोळ्या नकोत.

---

प्रेषक: आजोबा
बुधवार, ७ जानेवारी, रात्री

हलवा. साबुदाण्यावर करतात, तीळ लागत नाहीत. आमची आई करायची, मीही केलाय. परातीत मंद आचेवर साबुदाणा, वरून चमचा-चमचा पाक, आणि हाताने सारखं फिरवत राहायचं. दोन-तीन दिवस जातात. काटा यायला हवा गार लागते, त्याची इथे कमी नाही. ६० मुलांपुरता करतो. नातूही मदतीला आहे.

---

प्रेषक: तिसरीच्या वर्गातली आई
गुरुवार, ८ जानेवारी

काका, वाचून बरं वाटलं. पण तुमच्या घरी करू नका. ज्या परातीत लाडू वळले, त्या परातीचा मला भरवसा नाही, कितीही घासली तरी. आमच्या स्वयंपाकघरात तिळाचा कण नाही. शुक्रवारी, १६ तारखेला इथे या. परात, साखर, साबुदाणा सगळं माझ्याकडचं. लेक शाळेतून साडेतीनला येते, तिला फिरवायला शिकवा.

---

प्रेषक: आजोबा
गुरुवार, ८ जानेवारी

येतो. दोन-तीन दिवस लागतात म्हणालो होतो, तेव्हा शुक्रवारी नाही, बुधवारी येतो. संक्रांतच आहे. एकच अडचण, घरातला हीटर बंद करावा लागेल, नाहीतर काटा यायचा नाही. सगळ्यांना स्वेटर घालून ठेवा.