कॅलिस्टोवरच्या योद्धासंघाची पदरचना: १४ पदं जास्त होतात का?

शहापूर_टेबल (बेळगाव)

नमस्कार मंडळी. टेबलावर बसून खेळायचा भूमिका-खेळ मराठीत लिहायला घेतलाय. काळ चोविसावं शतक, जागा गुरूचा चंद्र कॅलिस्टो. तिथं नॉर्स (व्हायकिंग काळच्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांच्या) वळणाचा एक योद्धासंघ आहे, नाव 'हिमध्वज'. माणसं १,२००. गुरूच्याच गॅनिमीड आणि युरोपा या चंद्रांच्या वाटेवरच्या मालवाहू जहाजांना राखण द्यायची आणि ज्यांनी ठरलेला मोबदला थकवला त्यांच्याकडं वसुलीला जायचं, हा संघाचा उद्योग.

पदं खालून वर अशी मांडलीत: थ्रॅल, कार्ल, ढालकरी, कुऱ्हाडकरी, उल्फहेदनार (लांडग्याचं कातडं पांघरणारे योद्धे), बर्सर्कर (बेभान होऊन लढणारे), हुस्कार्ल, ध्वजधर, हेर्सिर, सुकाणी, स्टालारी, यार्ल (सरदार), महायार्ल, राजा. वरच्या पदावर जायचं तर त्या पदावरच्या माणसाशी द्वंद्व करायचं, असा नियम ठेवलाय.

अडचण अशी की खेळाडू सहा आणि बैठक चार तासांची. कुणी कुणाला हुकूम द्यायचा यातच पहिला तास जातोय. दोघं खेळाडू मराठीपेक्षा कन्नड लवकर वाचतात, म्हणून पदांची कार्डं दोन्ही लिप्यांत छापायचीत. त्यात १४ नावं बसत नाहीत. कुठली पदं ठेवायची, कुठली काढायची, सांगा की.

खानापूर_दीर्घनौका

यादीत तीन वेगळ्या गोष्टी एकाच शिडीवर चढवल्या गेल्यात: समाजातला दर्जा, लढण्याची पद्धत आणि हुद्दा. आधी त्या सुट्या करा.

थ्रॅल म्हणजे गुलाम. तो संघाचा सभासदच होऊ शकत नाही, त्याला यादीतून काढा. कार्ल म्हणजे स्वतंत्र माणूस. तो दर्जा झाला, पद नाही. संघात येणारा प्रत्येक जण कार्लच असतो. ढाल आणि कुऱ्हाड ही हत्यारं झाली. राजा आणि महायार्ल दोन्ही नकोत. १,२०० माणसांवर एक यार्ल पुरतो.

आता मूळ आधार बघा. अकराव्या शतकात नॉर्वेचा राजा ओलाफ हाराल्डसन याच्या पदरी ६० हिर्दमन, ३० गेस्तिर आणि ३० हुस्कार्ल होते असं सागांत (जुन्या नॉर्स गद्यकथांत) येतं. पुढं ओलाफ किर्रेनं हे आकडे दुप्पट केले, प्रमाण मात्र २:१:१ असंच राहिलं. हिर्दमन म्हणजे राजाच्या मेजावर बसणारे शपथबद्ध योद्धे. हुस्कार्ल घरची कामं आणि रसद बघणारे. गेस्तिर म्हणजे राजाच्या वतीनं शत्रूच्या दारात जाणारे, हेरगिरी आणि वसुली करणारे. त्यांना हिर्दमनच्या निम्मा पगार, आणि राजाच्या मेजावर जागा फक्त यूल (नाताळच्या सुमाराचा सण) व ईस्टरच्या सणांना. तुमच्या संघाचा अर्धा उद्योग वसुलीचा आहे आणि यादीत गेस्तिरच नाहीत! खेळाच्या दृष्टीनं तीच सगळ्यात भरीव माणसं: काम सगळ्यात धोक्याचं, मान सगळ्यात कमी.

बाकीची रचना जहाजावरून मोजा. नॉर्स लष्करात मोजणी माणसांची नव्हे, जहाजांची होती. किनारपट्टीचे वाटे पाडलेले असत, एकेका वाट्यानं एक जहाज, त्यावरची माणसं आणि त्यांचा शिधा पुरवायचा. जहाजाचे आडवे खण पाडलेले, प्रत्येक खणाच्या डाव्या-उजव्या बाजूला अर्धखण. ओलाफ ट्रिग्वासनच्या 'लांब सर्प' या जहाजाला ३४ खण आणि प्रत्येक अर्धखणात ८ माणसं होती असं सागा सांगते. माणसाचा मान तो जहाजावर कुठं उभा राहतो त्यावर ठरायचा: नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकाला) सगळ्यात कसलेले लढवय्ये, मागच्या उंच भागात प्रमुख.

यावरून तुमच्यासाठी हिशेब असा:
- एका जहाजाला ५ खण, अर्धखणात ३ माणसं, म्हणजे ३० वल्हेकरी. वल्हं उरलं नसलं तरी नाव ठेवा.
- नाळेवर ४, यंत्राजवळ ४, जहाजाचा ध्वजधर १, तांडेल (जहाजाचा प्रमुख) १. एकूण ४०.
- ३ जहाजं म्हणजे १२०. नॉर्स लोकांचं 'शंभर' बहुतेक वेळा १२० चंच असायचं, त्यामुळं हा आकडा घरचा आहे.
- अशी ९ पथकं म्हणजे १,०८०. त्यांच्या पुराणातली जगंही नऊच, पथकांची नावं तिथून घ्या.
- उरलेले १२० म्हणजे यार्लचा स्वतःचा हिर्द (पदरचं शपथबद्ध पथक): हिर्दमन ६०, गेस्तिर ३०, हुस्कार्ल ३०.

बेरीज बरोबर १,२००. आणि एका खणात सहा माणसं बसतात, म्हणजे तुमचे सहा खेळाडू हा एक पूर्ण खण झाला.

शिडी सहा पायऱ्यांची ठेवा: उमेदवार, वल्हेकरी, खणनाईक, तांडेल, हेर्सिर (३ जहाजांवर), यार्ल. खणनाईक त्या सहांतलाच एक. खेळाडूंना रोज फक्त दोन पदांशी काम पडतं, खणनाईक आणि तांडेल. पहिला तास वाचेल.

ठाण्याची जागा शोधायलाही नको. कॅलिस्टोवरच्या विवरांना उत्तरेकडच्या पुराणकथांतलीच नावं दिलेली आहेत. सगळ्यात मोठं वलयांकित विवर वाल्हाला, बाहेरची वलयं धरून व्यास सुमारे ३,८०० किमी. दुसरं आस्गार्ड. ठाणं वाल्हालात, उमेदवारांची तालीम आस्गार्डात.

निपाणी_गडकोट

खानापूरकरांचा हिशेब पटला. पायऱ्या कमी का हव्यात ते आपल्याच इतिहासात दिसतं. शिवकाळच्या पागेत २५ बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमलेदारांवर हजारी. तीन पायऱ्यांत १,२५० स्वार हलत होते, म्हणजे जवळपास तुमच्या संघाएवढेच. चौदा पायऱ्या असल्या की हुकूम खाली पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदलतो, आणि मधल्या माणसांना निरोप पुढं ढकलण्यापलीकडं काम उरत नाही.

आता शिडीबाहेरची पदं. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे बरोबरीचे अधिकारी असत, कोठार कारखानिसाकडं. एकट्याला फितूर होऊन गड देता येऊ नये म्हणून ही योजना. तुमच्या ठाण्याला असाच पेच हवा, नाहीतर खेळाडू यार्लला वश करतील आणि कथा तिथंच संपेल. नॉर्वेच्या दरबारात यासाठी दोन पदं तयार आहेत. स्टालारी सभेत राजाच्या वतीनं बोलायचा, हिर्दची बाजूही राजापुढं मांडायचा. दुसरं पद राजाच्या ध्वजधराचं (जहाजावरचा ध्वजधर वेगळा). तिसरा त्यांच्यात कायदावक्ता घाला. आइसलँडची आल्थिंग सभा ९३० साली भरू लागली. तिथं कायदावक्ता तीन वर्षांसाठी निवडला जायचा आणि दरवर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवायचा.

तिघांना एकेकच अधिकार द्या:
- स्टालारी सभा बोलावतो. यार्ल नको म्हणाला तरी.
- ध्वजधर ध्वज उचलतो. ध्वजाशिवाय मोहीम अधिकृत नाही.
- कायदावक्ता हुकूम बेकायदा ठरवतो. पण स्वतः एकालाही हुकूम देऊ शकत नाही.

कायदावक्त्याला तुकडी द्यायची चूक टाळा. न्याय सांगणाऱ्याच्या हाताखाली माणसं आली की दोन-चार बैठकांत तोच दुसरा यार्ल होतो.

हुकमाच्या वेळेचंही बघा. कॅलिस्टो ते युरोपा अंतर सुमारे १२ लाख ते साडेपंचवीस लाख किमी असं बदलतं, म्हणजे संदेश एका बाजूनं ४ ते साडेआठ सेकंदांत जातो. बोलणी चालतात, झटापट चालवता येत नाही. म्हणून नियम करा: जहाज ठाण्यावरून सुटलं की परत लागेपर्यंत शेवटचा शब्द तांडेलाचा. यार्ल नंतर त्याला सभेत उभा करू शकतो, वाटेत हुकूम बदलू शकत नाही. पृथ्वीशी बोलणं तर एका बाजूनंच ३३ ते ५४ मिनिटांचं, त्यामुळं पृथ्वीवरच्या कुणालाही संघात पद देऊ नका.

चिकोडी_किरणमापक

बर्सर्कर पद नव्हे, नाळेवरची जागा आहे. हाराल्ड फेअरहेअरच्या जहाजावर बर्सर्कर नाळेपाशीच लढले असं वर्णन आहे. पुढं आइसलँडच्या कायद्यात बर्सर्कपणा करणाऱ्याला हद्दपारीची शिक्षा आली. तो ताण खेळात वापरा: नाळेवरचे चौघे लढाईत सगळ्यात पुढं, सभेत त्यांच्याकडं संशयानं बघणारे.

गुरुत्वाकर्षण विसरू नका. कॅलिस्टोवर ते पृथ्वीच्या आठव्या हिश्श्याएवढं आहे. १२० किलोचं चिलखत उचलायला १५ किलोसारखं लागतं, पण जडत्व १२० किलोचंच राहतं. धावत आलेला योद्धा ढालींच्या भिंतीपाशी थांबू शकत नाही, पायाला पकड मिळत नाही. म्हणून ढालभिंतीत प्रत्येकाचा बूट जमिनीला अडकवायला आकडे लागतात, आणि आकडे सोडायचा इशारा खणनाईकाचा. तो इशारा चुकला की अर्धे अडकलेले, अर्धे तरंगत मागं गेलेले. खणनाईक या पदाला खरं काम इथं मिळतं.

आणि निवृत्ती. योम्सवायकिंग या सागांतल्या योद्धासंघाच्या नियमात १८ ते ५० वय होतं. तुमच्याकडं वयापेक्षा किरणोत्साराचा हिशेब ठेवा. कॅलिस्टो गुरूच्या घातक पट्ट्यांबाहेर आहे, युरोपाच्या पृष्ठभागावर मात्र आडोशाशिवाय दिवसाला सुमारे ५.४ सिव्हर्ट (किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक) मात्रा बसते. एका दिवसात जिवावर बेतेल एवढी. चिलखतानं ती शंभरावा हिस्सा केली असं धरा, तरी दिवसाला ५४ मिलिसिव्हर्ट. नासानं अंतराळवीरांसाठी आयुष्यभराची मर्यादा ६०० मिलिसिव्हर्ट धरलीय. म्हणजे युरोपावर ११ दिवस, बस. प्रत्येक पात्राच्या कागदावर ११ चौकोन काढा, युरोपावरच्या प्रत्येक दिवसाला एक भरा. चौकोन संपले की तो माणूस शिडीबाहेर: स्टालारी, ध्वजधर, कायदावक्ता या तीन पदांना फक्त अशीच माणसं पात्र. गेस्तिरांचे चौकोन सगळ्यात आधी भरतात, त्यामुळं मान नसलेली माणसंच शेवटी सभेत वजनदार ठरतात.

शहापूर_टेबल (बेळगाव)

चिकोडीकर ताई, चौकोनांची युक्ती फार आवडली. निपाणीकर अण्णा, तिघांचे अधिकार तसेच घेतो. दोन गोष्टी राहिल्या. द्वंद्व पूर्ण काढू काय? खेळाडूंना ते हवंय. आणि वसुलीतला वाटा पदाप्रमाणं कसा द्यायचा?

खानापूर_दीर्घनौका

द्वंद्व ठेवा, बढतीशी जोडू नका. द्वंद्वानं बढती दिली की चांगला लढणारा चांगल्या तांडेलाला मारतो आणि जहाजाला तांडेल उरत नाही. नॉर्स होल्मगांग तंटा मिटवायला होतं: जमिनीवर साधारण पाच हात चौरस कापड अंथरायचं, प्रत्येकाला तीन ढाली, फुटली की दुसरी घ्यायची, रक्त कापडावर सांडलं की थांबता येतं. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला आइसलँड आणि नॉर्वेत ते बंदच केलं, कारण धटिंगण लोक त्याचा वापर दुसऱ्याची जमीन लाटायला करू लागले. तुमच्याकडं ते हवाबंद दालनातच होऊ द्या. बाहेर चिलखताला भोक पडलं तर पहिल्या जखमेलाच मरण, मग तीन ढालींना अर्थ नाही. ढाली म्हणजे तीन फासे, प्रत्येक हरलेल्या फेरीला एक कमी.

बढती अशी: खणनाईक खणातल्या सहांनी निवडायचा. तांडेल जहाजाच्या सभेत चाळिसांच्या मतानं, पण हेर्सिरला एकदा नकार द्यायचा हक्क. हेर्सिर यार्लनं नेमायचा आणि शपथ द्यायची: तलवार यार्लच्या गुडघ्यावर, शपथ घेणारा खालून मूठ धरतो. शपथ दुहेरी ठेवा. यार्लनं पोसायचं आणि न्याय द्यायचा, योद्ध्यानं पळायचं नाही. यार्लनं आपली बाजू मोडली तर माणूस मोकळा, आणि मोडली की नाही ते कायदावक्ता सांगणार.

वाट्याचा हिशेब एका जहाजापुरता करा. सगळी वसुली आधी ध्वजाखाली जमा. तिचे ६० भाग पाडा:
- साधे वल्हेकरी २५, प्रत्येकी १: २५
- खणनाईक ५, प्रत्येकी दीड: साडेसात
- नाळेवरचे ४, प्रत्येकी दीड: ६
- यंत्राजवळचे ४, प्रत्येकी दीड: ६
- जहाजाच्या ध्वजधराला २ भाग, तांडेलाला ३ भाग
- जहाजाची पेटी: साडेदहा

यंत्रवाल्यांना नाळेएवढाच वाटा मुद्दाम दिलाय. कमी दिला तर सगळे खेळाडू नाळेवरच जायला बघतात आणि जहाज दुरुस्त करायला माणूस मिळत नाही. पेटीतून इंधन, हवा आणि मेलेल्यांच्या घरचा वाटा. पेटी रिकामी असताना जहाज सुटू शकत नाही. खेळाडूंनी अप्रिय वसुली का करावी, याचं कारण तिथं आपोआप तयार होतं.

शिधा कोण देतो हेही लिहून ठेवा. नंदगडला ज्याला फाशी दिलं तो कित्तूरचा लढवय्या संगोळ्ळी रायण्णा शेतसनदी होता. सेवेच्या बदल्यात जमीन ही रीत आपल्या भागाला नवी नाही. कॅलिस्टोवर जमिनीऐवजी बर्फाची खाण द्या. प्रत्येक जहाजामागं एक खाणवस्ती. पाणी आणि प्राणवायू ती पुरवणार, जहाज तिची राखण करणार. वस्ती रुसली की जहाज ठाण्यावरच अडकतं.

निपाणी_गडकोट

कार्डांसाठी एवढंच: पुढच्या बाजूला पद दोन्ही लिप्यांत, त्याखाली तीन ओळी. कुणाचं ऐकतो, कुणाला सांगतो, एकट्यानं काय करू शकतो. तिसरी ओळ रिकामी राहिली तर ते पद छापू नका. मागच्या बाजूला वाट्याचा आकडा आणि ११ चौकोन. कार्ड पोस्टकार्डाच्या निम्मं ठेवा; त्याहून लहान केलं तर कन्नडची जोडाक्षरं छपाईत भरून येतात.