रोज वाढणाऱ्या यादीला नेम्ड रेंज नकोच, टेबल करा

छावणीकर:
इंदूरच्या सियागंजातल्या एका ठोक किराणा दुकानाचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवतो. उधारीच्या कॉलमला नाव द्यायला (हीच नेम्ड रेंज, फॉर्म्युल्यात सेलच्या पत्त्याऐवजी ते नाव लिहिता येतं) पहिल्या सेलवरून कंट्रोल-शिफ्ट-डाउन मारलं, मधे एक सेल रिकामा होता, सिलेक्शन त्याच्या वरच थांबलं, माझ्या लक्षात आलं नाही आणि महिनाभर बेरीज कमी येत राहिली. मग नेम मॅनेजर, म्हणजे दिलेल्या नावांची यादी, तिच्या ‘रेफर्स टू’ चौकटीत रेंजचा पत्ता दुरुस्त करायला गेलो, डावीकडे सरकायला अ‍ॅरो दाबला तर कर्सर हलायचं सोडून भलत्याच सेलचा पत्ता मधे घुसला. पैशाच्या हिशेबात हे चालत नाही. सरळ कंट्रोल-टी करून टेबल करा, खाली नोंद टाकली की ते आपणहून वाढतं.

राजवाडा_इंदूर:
भाऊ, आधी एफ२ दाबा ना. खाली डावीकडे ‘एडिट’ दिसलं की अ‍ॅरो कर्सरच हलवतो. कंडिशनल फॉरमॅटिंगच्या (अट लावून सेल रंगवायच्या) फॉर्म्युल्यातही हेच आहे, एकदा सवय झाली की विसरत नाही. आणि रिकाम्या सेलची भीती असेल तर बाण कशाला, फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या नेम बॉक्समध्ये डी२:डी९०० टाइप करून एंटर मारा, बरोबर तेवढंच सिलेक्ट होतं.

छावणीकर:
मला आता कळलं, पण दुकानात नोंदी करणाऱ्या मुलाला एफ२ कोण सांगणार? त्या ‘रेफर्स टू’च्या चौकटीत तसं कुठे लिहिलेलंही नाही. आणि ९०० च्या खाली ९०१ व्या ओळीत नोंद आली की परत तेच.

जेलरोडची_ताई:
तुम्ही दोघं सिलेक्शनवरच अडलात. नाव द्यायचं ते फॉर्म्युला वाचता यावा म्हणून, जीएसटीचा दर एका सेलमध्ये ठेवून त्याला नाव दिलं की सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी फाइल उघडली तरी त्याला समजतं, आणि लिहिताना नाव आठवलं नाही तर एफ३ दाबून यादी येते. शिवाय डेटा व्हॅलिडेशनच्या लिस्टमध्ये (सेलमध्ये निवडायला यादी उघडते ती) टेबलच्या कॉलमचं नाव थेट घालता येत नाही, तिथे त्या कॉलमला नेम्ड रेंज करून ते नाव देता येतं. म्हणजे टेबल केलं तरी नाव उपयोगी पडतंच.

छावणीकर:
ताई, हे मान्य, दराला नाव हवंच. टेबलवर बसवलेलं नावही चालेल, कारण टेबलबरोबर ते वाढतं. माझा विरोध हाताने आखलेल्या रेंजला आहे.

राजवाडा_इंदूर:
हाताने आखलेलीही वाढते की. रेंजच्या आत ओळ इन्सर्ट केली तर पत्ता आपोआप सरकतो. मी शेवटची ओळ रिकामी ठेवून पिवळी करतो, ती रेंजमध्येच धरतो आणि सगळ्यांना सांगून ठेवतो, नवी नोंद हिच्या वर घाला.

छावणीकर:
आमच्याकडेही पिवळी ओळ होती. घाईत मुलाने तिच्या खालीच लिहिलं.